शॉकअप निवडण्याआधी गाडी काट्यावर चढवा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारी या गावापासून बर्ड्सव्हिल ट्रॅक हा कच्चा रस्ता सुरू होतो आणि ५१७ किलोमीटरनंतर क्वीन्सलँडमधल्या बर्ड्सव्हिलला संपतो. मारीहून सुमारे दोनशे किलोमीटरवर मंगेरॅनी नावाचे एकच एक हॉटेल आणि इंधनपंप आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी तिथे पहिल्यांदा थांबलो, तेव्हा सहज म्हणून मागच्या चाकांआड वाकून पाहिले. उजव्या शॉकअपवरचा रंग फोड आल्यासारखा फुगला होता. बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब त्यावर टाकले, तर तापलेल्या तव्यावर पडावेत तसे चुर्र करून उडून गेले. डावा शॉकअप मात्र हाताला जेमतेम कोमट लागला. डावा ठणठणीत आहे आणि उजव्यात काहीतरी बिघाड झाला आहे, असे मी त्या वेळी सोबतच्यांना ठामपणे सांगितले. ते साफ चुकीचे होते, आणि ते का चुकीचे होते हे समजायला मला शॉकअपचा विषय मुळापासून शिकावा लागला. वाळवंटात लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या, सामानाने भरलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीसाठी शॉकअप निवडायचे असतील, तर निदान एवढे माहीत असावे म्हणून हा लेख.

शॉकअप हा शब्द गॅरेजमधला. त्याला ‘धक्काशोषक’ म्हणणारा मेकॅनिक मला अजून भेटायचा आहे. आणि तो भेटला तरी त्याचा शब्द दिशाभूल करणाराच ठरेल, कारण धक्का सोसण्याचे काम टायर आणि स्प्रिंग करतात. गाडीचे वजनही स्प्रिंगच उचलते, मग ती वेटोळ्याची असो किंवा एसटीच्या गाडीला असतात तशा पाट्यांची. स्प्रिंगचा दोष एवढाच, की दाबली गेली की तेवढ्याच जोराने ती उसळते, परत दाबली जाते, परत उसळते. कोणी हात न लावलेला झोका जसा बराच वेळ हलत राहतो, तशी निव्वळ स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत राहील. शॉकअप हा त्या झोक्याला लावलेला हात आहे. तो वजन उचलत नाही, गाडीची उंचीही वाढवत नाही. तो फक्त हालचालीला विरोध करतो, आणि तोही हालचाल चालू असेपर्यंतच.

हा विरोध कसा निर्माण होतो, हे दिवाळीत चकल्या पाडणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागू नये. सोऱ्यातले पीठ सावकाश दाबले तर सहज बाहेर येते. घाईने दाबायला जावे, तर सोऱ्या हट्टाला पेटतो आणि मनगट दुखते. शॉकअपच्या नळीत तेल असते, दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व त्यांवर पातळ चकत्यांच्या झडपा असतात. चाक वर-खाली झाले की तेलाला त्या छिद्रांतून जावे लागते, आणि चाक जितक्या वेगाने हलेल तितका विरोध वाढतो. चाक वर येताना होणारा विरोध आणि खाली जाताना होणारा विरोध वेगवेगळा ठेवलेला असतो. चाक खाली जातानाचा, म्हणजे स्प्रिंग उलगडतानाचा विरोध सहसा बराच जास्त असतो, कारण दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेल्या शक्तीला आवर घालायचा असतो. गॅरेजच्या भाषेत पहिल्याला कंप्रेशन आणि दुसऱ्याला रिबाउंड म्हणतात.

आता यातली मेख अशी, की रोखलेली शक्ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. शॉकअप हे खरे पाहता हालचालीची उष्णता करणारे यंत्र आहे, आणि शहरात किंवा हमरस्त्यावर ही उष्णता इतकी थोडी असते की कोणाच्या लक्षातही येत नाही. वाळवंटाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर मात्र सगळा हिशेब बदलतो, कारण तिथला रस्ता पन्हळी पत्र्यासारखा असतो. एकापाठोपाठ एक आडव्या लाटा, उंची दोन-चार सेंटिमीटर, अंतर साधारण अर्धा ते एक मीटर, आणि हे कधीकधी शंभर-शंभर किलोमीटर सलग. या लाटा का पडतात, यावर मेलबर्नमध्ये काम करणाऱ्या कीथ मेदर या भौतिकशास्त्रज्ञाने वर्तुळाकार वाळूच्या वाटेवर चाक फिरवून प्रयोग केले होते आणि १९६३ मध्ये त्यांवर लेख लिहिला होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात तर असे दिसले, की एका ठराविक वेगाच्या वर गेल्यावर साध्या, स्प्रिंग नसलेल्या चाकाखालीही वाळूत लाटा उठतात. तेव्हा रस्ता दुरुस्त करणाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारे यंत्र, फिरून गेला की काही दिवसांत गाड्याच त्या लाटा पुन्हा पाडतात.

समजा, लाटांमधले अंतर पाऊण मीटर आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. म्हणजे चाकाला सेकंदाला जवळजवळ पंधरा धक्के. गंमत अशी, की चाक, आस आणि ब्रेक यांचे मिळून जे वजन स्प्रिंगच्या खाली लोंबत असते, त्याची स्वतःची उसळण्याची गती सेकंदाला दहा ते पंधरा वेळा या टापूत असते. झोक्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्याने झोका चढत जातो, तसेच इथे होते: ताशी ४० ला चाके वेड्यासारखी उड्या मारतात, डॅशबोर्ड खडखडतो, स्क्रू सुटतात. ताशी ८० ला धक्के सेकंदाला तीस होतात, चाकाला तितक्या वेगाने वर-खाली होता येत नाही आणि ते लाटांच्या माथ्यांवरून सरकत जाते. आत बसलेल्यांना एकदम शांत वाटते. या शांततेवर फार भरवसा ठेवू नये. जे चाक जमिनीला अर्धवटच टेकते आहे, ते वळणावर वळत नाही आणि कांगारू आडवे आले तर थांबतही नाही.

या धक्क्यांची उष्णता किती, याचा ढोबळ अंदाज घरच्या घरी करता येतो. समजा, शॉकअपचा दांडा प्रत्येक धक्क्याला दोन सेंटिमीटर आत आणि दोन सेंटिमीटर बाहेर गेला. असे सेकंदाला पंधरा वेळा झाले, तर दांडा सेकंदाला ६० सेंटिमीटर प्रवास करतो. शॉकअपचा सरासरी विरोध ८० किलो वजनाएवढा धरला, तर हिशेब ४५० ते ५०० वॉटच्या घरात जातो. पाणी तापवायचा आपला साधा रॉड हजार वॉटचा असतो. म्हणजे सायकलच्या पंपाएवढ्या बंद नळीत, जेमतेम पाव-अर्धा लिटर तेलात, अर्धा रॉड तासन् तास चालू ठेवल्यासारखे आहे. आणि त्या नळीला थंडावा कसला, तर बाहेरच्या गरम, धुळीने भरलेल्या वाऱ्याचा. तेलाचे तापमान पाणी उकळेल त्याच्याही वर जाते, ते असे.

तापल्यावर तीन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे तेल पातळ होते आणि छिद्रांतून सहज निसटू लागते. विरोध हळूहळू कमी होतो आणि गाडी पडावासारखी डुलायला लागते. दुसरी अधिक वाईट. साध्या शॉकअपमध्ये तेलावर थोडी वायूची जागा सोडलेली असते. सतत घुसळण झाली की ताकाला यावा तसा तेलाला फेस येतो, आणि फेस दाबला जातो, तेल दाबले जात नाही. त्यामुळे दट्ट्याला विरोध करायला मधे काही उरतच नाही. थांबून अर्धा तास चहा प्यायलात तर फेस बसतो आणि शॉकअप पुन्हा चालतो, म्हणून हा दोष गॅरेजमध्ये कधीच सापडत नाही. गाडीचा कोपरा हाताने दाबून ‘एकदाच उसळली, म्हणजे शॉकअप चांगला’ असा निकाल देणारे लोक थंड शॉकअपची परीक्षा घेत असतात. गरम शॉकअपबद्दल त्यातून काहीही कळत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे दांड्याभोवतीचे ऑइल सील. साध्या रबराचे सील सव्वाशे अंशांच्या आसपास कडक होऊ लागते, धूळ आणि कडक सील मिळून दांड्यावर चरे पाडतात, तेल झिरपते, आणि हे नुकसान थंड झाल्यावर भरून येत नाही.

एवढे ध्यानात आले, की दुकानात विचारायचा पहिला प्रश्न बदलतो. ‘सर्वांत कडक शॉकअप कोणता’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘माझ्या गाडीच्या वजनाला दिवसभर आवरताना कमी तापेल आणि तापले तरी टिकेल असा कोणता’ हा पुढे येतो. त्यासाठी वजन माहीत हवे, आणि ते अंदाजाने कळत नाही. प्रवासाच्या दिवशी असेल तशी गाडी, म्हणजे पाणी, इंधन, माणसे, फ्रिज आणि छपरावरचा तंबू यांसकट, वजनकाट्यावर न्यावी. पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळी मोजून घ्यावीत. हे मी पहिल्या वेळी केले नव्हते. शॉकअप विकणाऱ्या माणसाने ‘किती सामान असते?’ असे विचारले, मी ‘नेहमीचे’ म्हणालो, आणि त्याने ते लिहून घेतले.

‘नेहमीचे’ म्हणजे किती होते ते पाहा. उदाहरणादाखल टोयोटाची लँडक्रूझर २०० घेऊ. रिकाम्या गाडीचे वजन २,७४० किलोच्या आसपास आणि कंपनीने ठरवून दिलेली एकूण वजनाची कमाल मर्यादा ३,३५० किलो. म्हणजे माणसे धरून सामानाला उरले सुमारे ६१० किलो. त्यात चार प्रौढ माणसे ३०० किलो. पुढचा बुलबार, म्हणजे जनावर आडवे आले तर गाडी वाचवणारी लोखंडी चौकट, ६०-७० किलो. मागचे खण आणि भरलेला फ्रिज १०० किलो. छपरावरचा रॅक ३० किलो. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. डिझेलचे दोन कॅन, ४० लिटर, ३४ किलो. दुसरे जादा चाक ४० किलो. तंबू, स्वयंपाकाचे सामान, हत्यारे आणि धान्य मिळून १०० किलो. बेरीज सव्वासातशेच्या घरात जाते. एकही चैनीची वस्तू न घेता गाडीने मर्यादा शंभरेक किलोंनी ओलांडली आणि यात ओढायची ट्रेलर धरलेलीच नाही. मर्यादा ओलांडलेल्या गाडीला नवे शॉकअप लावून ती कायदेशीर होत नाही. ऑस्ट्रेलियात एकूण वजनाची मर्यादा अधिकृतपणे वाढवून घेण्याची वेगळी प्रक्रिया आहे आणि तिच्यात स्प्रिंगसह मंजूर केलेला पूर्ण संच बसवावा लागतो. माझे मत विचाराल, तर आधी सामान कमी करावे. दोन खुर्च्या आणि एक लोखंडी तवा घरी ठेवणे हा सर्वांत स्वस्त सुधारणेचा प्रकार आहे.

वजन कुठे आहे, हेही एकूण आकड्याइतकेच महत्त्वाचे. जादा चाक आणि कॅन मागच्या दाराला लटकवले, की ते मागच्या आसाच्या पलीकडे येतात आणि गाडी तराजूसारखी वागते: मागच्या आसावर त्यांच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार येतो आणि पुढचा आस तेवढा हलका होतो. म्हणून पुढचे आणि मागचे शॉकअप एकाच ‘हेवी’ वर्गातले घेणे बहुधा चूक ठरते. पुढे बुलबार आणि विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढणारे दोराचे यंत्र, असेल तर पुढची स्प्रिंग एका वजनाची, मागे पाचशे किलो असतील तर मागची दुसऱ्या वजनाची, आणि त्यांना शोभतील असे शॉकअप, असा क्रम असतो.

क्रमाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण बहुतेक चुका इथे होतात. आधी वजन, मग स्प्रिंग, मग शॉकअप. शॉकअपला किती विरोध करावा लागेल, हे वजन आणि स्प्रिंगचा ताठरपणा या दोहोंवर ठरते. नेमके सांगायचे तर त्या दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर. समजा, स्प्रिंग ४० टक्क्यांनी ताठर केली आणि गाडीचे वजन तेवढेच राहिले, तर विरोध सुमारे १८ टक्क्यांनी वाढवावा लागतो. वजनही ३० टक्क्यांनी वाढले, तर ३५ टक्क्यांनी. म्हणजे कंपनीने दिलेले शॉकअप जड स्प्रिंगांवर तसेच ठेवले, तर गाडी उसळत राहते. आणि उलट, रिकाम्या गाडीला पाचशे किलोंसाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि शॉकअप लावले, तर ती एरवीच्या शाळा-ऑफिसच्या फेऱ्यांत बैलगाडीसारखी आपटते. वर्षातून दोन आठवडे वाळवंटात आणि पन्नास आठवडे शहरात असणाऱ्या गाडीसाठी मधली निवड करावी लागते. कायम बसवलेले वजन, म्हणजे बुलबार, खण, फ्रिज, एवढ्यासाठी स्प्रिंग निवडायची आणि प्रवासापुरत्या वजनासाठी मागच्या वेटोळ्यांच्या आत हवेच्या पिशव्या बसवायच्या, हा उपाय मला पटतो. पिशव्यांत हवा जास्त भरून वाकलेली गाडी सरळ करायची सवय मात्र नसावी; वजन काट्यावर जास्तच राहते, ते फक्त डोळ्यांना दिसेनासे होते.

‘सर्वांत कडक’ शॉकअप का घेऊ नये, याचेही कारण याच जागी सांगता येईल. पन्हळी रस्त्यावर रिबाउंडचा विरोध गरजेपेक्षा जास्त असेल, तर एका लाटेवर दाबली गेलेली स्प्रिंग पुढची लाट येण्याआधी पूर्ण उलगडू शकत नाही. तेवढ्यात दुसरा धक्का बसतो, ती आणखी दाबली जाते, मग तिसरा. प्रत्येक लाटेबरोबर गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि अखेर रबरी ठोकळ्यांवर, म्हणजे बंपस्टॉपवर येऊन आदळू लागते. चालवणाऱ्याला वाटते की स्प्रिंग मऊ पडल्या. तो आणखी ताठर स्प्रिंग घालतो. मी स्वतः हा प्रकार केला आहे आणि त्या प्रवासात डाव्या बाजूच्या खिडकीची काच दारात पडली.

आता रचना. दुकानात दिसणाऱ्या शॉकअपांचे मुख्य दोन कुळांत वर्गीकरण होते. पहिले कूळ दोन नळ्यांचे: आतल्या नळीत दट्ट्या आणि तेल, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि थोडा वायू. हा शॉकअप स्वस्त आणि आरामदायी असतो, आणि बाहेरच्या नळीवर दगड लागून पोचा आला तरी आतला दट्ट्या सुरळीत चालतो. त्याचे दुबळेपण म्हणजे उष्णता: गरम तेलाला बाहेरच्या हवेपर्यंत पोचायला दोन नळ्या आणि मधले तेल ओलांडावे लागते, आणि वर सांगितलेला फेस याच रचनेत येतो. फेस टाळण्यासाठी बाहेरच्या नळीत मोकळ्या वायूऐवजी बंद छिद्रांचा फोम घालतात. तापलेले तेल फुगले की फोम दाबला जातो, पण वायू तेलात मिसळत नाही. ऑस्ट्रेलियात हा प्रकार बराच लोकप्रिय आहे आणि जड, संथ, लांब प्रवासाच्या गाड्यांसाठी तो खरोखर चांगला आहे.

दुसरे कूळ एका नळीचे. यात तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता दट्ट्या असतो, त्यामुळे दोघांची भेटच होत नाही. तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. जर्मनीच्या बिल्स्टाइन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेन्झच्या गाड्यांसाठी हा प्रकार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणला. वाळवंटासाठी तो आकर्षक आहे, पण त्याची एक अडचण कोणी मोठ्याने सांगत नाही: बाहेरची नळी हीच दट्ट्याची वाट असते. तिच्यावर मोठा दगड बसून पोचा पडला, की दट्ट्या तिथे अडकतो आणि तो शॉकअप संपला. स्टर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी वाळवंटातून, जिथे जमीन मुठीएवढ्या गोल दगडांनी फरसबंद केल्यासारखी असते, मागची चाके पुढच्यांनी उडवलेले दगड झेलत असतात. तिथे एका नळीचा शॉकअप लावायचा असेल, तर त्यावर दगडरोधक कवच हवेच.

या दोहोंपलीकडे बाजूला वेगळी टाकी जोडलेले शॉकअप असतात. टाकीमुळे तेल जास्त मावते, ते तापायला वेळ लागतो, आणि वायू टाकीत गेल्याने नळीची जास्त लांबी दांड्याच्या आत-बाहेर जाण्यासाठी, म्हणजे चालीसाठी, वापरता येते. किंमत दुप्पट-तिप्पट होते, टाकी आणि नळी बांधायला सुरक्षित जागा शोधावी लागते आणि दर काही वर्षांनी ते उघडून तेल व सील बदलावे लागतात. तीन टन वजनाची गाडी, मागे ट्रेलर आणि रोज पाचशे किलोमीटर कच्चा रस्ता असेल, तर हा खर्च वसूल होतो. वर्षातून एकदा फिरायला जाणाऱ्या कुटुंबाला तो अनावश्यक वाटतो, हे माझे मत. आणि बाहेरून बटण फिरवून विरोध बदलता येणारे महागडे शॉकअप मी ज्यांच्याकडे पाहिले, त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्या महिन्यानंतर बटणाला हात लावलेला नाही.

तुलना करताना एक आकडा आवर्जून विचारावा: दट्ट्याचा व्यास. बाहेरची जाडी फसवी असते. दोन नळ्यांचा जाडजूड दिसणारा शॉकअप आतून ३५ मिलिमीटरचाच असू शकतो. ३५ मिलिमीटरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ९.६ चौरस सेंटिमीटर, तर ४६ मिलिमीटरच्या दट्ट्याचे १६.६, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. तोच विरोध मोठा दट्ट्या कमी दाबावर निर्माण करतो, एका खेपेला जास्त तेल हलवतो, झडपांवर आणि सीलवर ताण कमी येतो. रंगीत स्टिकरपेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे. सीलच्या रबराची जातही विचारावी. उच्च तापमानाला टिकणाऱ्या फ्लुओरो रबराची सील साध्या रबरापेक्षा बरीच जास्त उष्णता सहन करतात.

लांबीकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. गाडी ५० मिलिमीटर उंच केली आणि शॉकअप जुन्याच लांबीचे ठेवले, तर चाक खाली लोंबकळताना शॉकअप पूर्ण ताणला जाऊन झटका बसतो. असे हजार झटके बसले की शॉकअप गाडीला जोडणारी वरची कडी, म्हणजे कान, तरी उपटतो किंवा दांडा तरी तुटतो. उलट, फार लांब शॉकअप घेतला, तर चाक वर येताना बंपस्टॉप टेकण्याआधी शॉकअपच आतून ठोकला जातो आणि मोडतो. म्हणून गाडी जॅकवर घेऊन, स्प्रिंग काढून, चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना शॉकअप वर आणि खाली जिथे जोडला जातो त्या दोन बिंदूंमधले अंतर टेपने मोजावे. वरच्या टोकाला बंपस्टॉप आधी टेकला पाहिजे, शॉकअपमध्ये तेव्हाही थोडी चाल शिल्लक हवी. या मोजमापाला एक दुपार लागते.

सिम्पसन वाळवंटाचा भाग याहून निराळा आहे. तिथे वाळूच्या सुमारे ११०० टेकड्या एकमेकींना समांतर, वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेल्या आहेत आणि फ्रेंच लाइन नावाची वाट त्या सगळ्या आडव्या ओलांडते. १९६० च्या दशकात एका फ्रेंच तेल कंपनीने शोधकार्यासाठी ती पाडली, म्हणून ते नाव. पश्चिमेकडून येताना माउंट डेअर या शेवटच्या इंधनपंपावर टाक्या भरल्या, की बर्ड्सव्हिलपर्यंत साधारण पाचशे किलोमीटर इंधन नाही, म्हणजे सर्वांत जास्त वजन असतानाच टेकड्या सुरू होतात. वेग ताशी पंधरा-वीसचा असतो, त्यामुळे शॉकअप फारसे तापत नाहीत. त्रास वेगळाच असतो: आधीच्या गाड्यांच्या चाकांनी चढांवर खोल खळगे पाडलेले असतात आणि जड गाडी त्यांत सावकाश, पण संपूर्ण वजनानिशी बसते. इथे लागतो तो मंद हालचालीतला विरोध, आणि तो भरपूर हवा. पन्हळी रस्त्यावर हवी असते ती वेगवान हालचालीत झडप मोकळी होण्याची क्षमता. एकाच शॉकअपमध्ये ही दोन्ही कामे साधणे हे झडपा बसवणाऱ्याचे खरे कौशल्य. विक्रेत्याला दोन्ही वेगांचा आलेख मागितला आणि त्याने तो दाखवला, तर त्याच्याकडूनच घ्यावे. दुबई किंवा मस्कतला राहणारे मराठी मित्र मला अनेकदा त्यांच्याकडच्या वाळूसाठी हाच सल्ला विचारतात. त्यांचा प्रवास बहुधा एका दिवसाचा आणि गाडी हलकी असते, तेव्हा त्यांना एवढा खटाटोप लागेल असे मला वाटत नाही. मात्र ओमानमधल्या दुकमकडच्या कच्च्या रस्त्यांवर आठवडाभर फिरणाऱ्याने वरचे सगळे वाचावे.

कोणताही शॉकअप घेतला, तरी त्याचा निम्मा भार टायरमधली हवा हलका करते. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे. हमरस्त्यावर ४० पीएसआय असलेली हवा पन्हळी रस्त्यावर २६-२८ वर आणली, तर प्रत्येक लाटेचा बराचसा भाग टायरच गिळतो आणि शॉकअपच्या दांड्याचा प्रवास कमी होतो. वाळूत ती १६-१८ पर्यंत उतरवतात. हवा कमी असताना वेगही कमी हवा, नाहीतर टायरच तापून फुटतो. दर दीड-दोन तासांनी थांबणेही उपयोगाचे, आणि त्या थांब्यात हात फिरवून चारही शॉकअप पाहावेत.

हात आधी दुरून न्यावा, कारण चटका बसतो. चारही शॉकअप जवळजवळ सारखेच गरम असायला हवेत. मागचे जोड पुढच्यांपेक्षा जास्त गरम असले तरी चालते. एखादा गार लागला, तर तोच मेलेला असतो. तेल गळून गेले, दट्ट्याची झडप तुटली किंवा वरचा बुश, म्हणजे कानात बसवलेली रबरी गुंडी, झिजून दांडा नुसताच हलू लागला, की तो शॉकअप काहीच काम करत नाही, म्हणून तापतही नाही. आणि त्याच्या वाट्याची सगळी उष्णता शेजाऱ्याला सोसावी लागते. मंगेरॅनीला माझा उजवा शॉकअप तव्यासारखा तापला होता, तो डाव्याचे काम करत होता म्हणून. डाव्याचा खालचा बुश बाहेर निसटून कुठेतरी वाटेतच पडला होता. आम्ही जुन्या रबरी पाइपाचा तुकडा कापून, त्याला मधे चिरून, कानात कोंबला आणि वॉशर लावून नट आवळला. ताशी साठच्या वर न जाता तो तुकडा बर्ड्सव्हिलपर्यंत टिकला. तेव्हापासून चार बुश, दोन नट आणि वॉशर असलेली पिशवी चालकाच्या आसनाखाली असते.